खिडकीतून आलेला होकार

ताईला नावानं कुणी हाक मारायचं नाही. पेशंटबायका तिला लॅबवाल्या ताई म्हणायच्या, डॉक्टर मॅडम नुसतंच ताई म्हणायच्या, आणि कामाच्या ठिकाणी तिच्या नवऱ्याच्या तोंडातही अधूनमधून तेच यायचं. मग सगळे हसायचे. नवरा-बायको दोघं एकाच लॅबमध्ये. ज्यांना मूल होत नाही त्यांचे गर्भ जिथं शरीराबाहेर, छोट्याशा डिशमध्ये वाढवतात, ती ही लॅब. स्टाफ दोघांना जोडगोळी म्हणायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांची सुरुवात करून द्यायची आणि संध्याकाळी आपल्या शांत घरी जाऊन सासूबाईंचा चेहरा वाचायचा, असा यांचा संसार होता.

लॅबचा एक नियम होता. काहीही एकीकडून दुसरीकडे हलवायचं तर दोन माणसं लागतात. एकानं नाव मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं जिथं ते जाणार तिथलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी बघून 'हो' म्हणायचं. ते 'हो' कानावर पडल्याशिवाय हात हलवायचा नाही. वाचायचं काम नवऱ्याचं आणि हो म्हणायचं काम ताईचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की नवरा नाव वाचून संपवायच्या आत तिचं हो तयार असायचं. बघायची ती नीटच. पण तोंड डोळ्यांच्या जरा पुढे धावायचं, हेही खरं.

घरी तर विचारूच नका. घरी तिचे डोळे भाजीत असायचे नाहीतर मोबाईलमध्ये, आणि नवरा काहीही म्हणाला तरी ठरलेलं हो यायचं. "नळ गळतोय." हो. "आईला दवाखान्यात न्यायचंय." हो. एकदा त्यानं मुद्दाम, अगदी साध्या आवाजात सांगितलं, "मी उद्यापासून सर्कशीत जातोय." ती म्हणाली, "हो, डबा देऊ ना?" सासूबाई हा किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. "आमची सून कधी नाही म्हणत नाही," म्हणायच्या, "ऐकत मात्र काहीच नाही." ताईसुद्धा हसायची. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मूल होत नव्हतं ते मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. सगळे उपाय झाले होते. आधी गोळ्या, मग पोटात टोचायची इंजेक्शनं. ती तिची तीच घ्यायची, कारण नवऱ्याचा हात कापायचा. लॅबमध्ये केसाहून बारीक सुई धरणारा माणूस, पण बायकोच्या पोटापुढे त्याची पार गाळण उडायची. मग आपल्याच लॅबमध्ये, आपल्याच टेबलावर उपचार. दोनदा गर्भ आत सोडला, दोनदा काही नाही. आता एकच गर्भ उरला होता, टाकीत गोठवून ठेवलेला. पुन्हा नव्यानं सुरुवात करायला ताईचं शरीर साथ देणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे शेवटचा डाव.

गोठवायच्या आधी ताईनं तो गर्भ मायक्रोस्कोपखाली पाहिला होता. पाहू नये असा संकेत होता, पण पाहिल्याशिवाय राहवतं कुणाला? गोल, भरलेला, आणि एका बाजूला जरासा आत गेलेला. गालावर खळी पडावी तसा. तिनं त्याचं नावच 'खळी' ठेवलं. नवऱ्याला म्हणाली, "आपल्या पोराला खळी आहे बघ." तो म्हणाला, "अजून शे-दीडशे पेशींचा जीव तो, खळी कुठली आणतेस?" पण त्यानंही परत एकदा वाकून बघितलं. त्या दिवशी दोघं घरी जाताना उगाचच खूप बोलले होते.

मग तो दिवस आला. त्या दिवशी दोघींचे गर्भ आत सोडायचे होते, ताईचा आणि एका शिंपीणबाईचा. शिंपीणबाई म्हणजे लेडीज टेलर. बारीक चणीची, बोलकी, वेटिंग हॉलमध्ये बसल्या बसल्या बाकीच्या बायकांच्या उसवलेल्या बाह्या शिवून देणारी. तिचाही एकच उरलेला. तिच्या नवऱ्यानं सांगून टाकलं होतं की आता यानंतर नाही.

ताई त्या दिवशी पेशंट होती, त्यामुळे लॅबमध्ये तिला मज्जाव होता. तिच्या जागी हो म्हणायला मोठ्या सिस्टर उभ्या राहणार होत्या. ताईनं वरच्या खोलीत जाऊन पडून राहायचं, असं ठरलं होतं. पण वर्षानुवर्षांची सवय. पाय आपोआप लॅबकडे वळले आणि ती लॅबच्या भिंतीतल्या सरकत्या खिडकीबाहेर, आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसली. तिथून आत नवऱ्याची पाठ दिसायची आणि त्याची टोपी. टेबल दिसायचं नाही. इतकं जवळ बसून काही दिसू नये याचंही तिला त्या दिवशी बरं वाटत होतं.

नवऱ्यानं टाकीतून दोन्ही नळ्या काढल्या. या गोठवलेल्या नळ्या एकदा बाहेर आल्या की थांबायला सवड नसते, भराभर उघडून गर्भ डिशमध्ये घ्यावा लागतो. दोन नळ्या, दोन नावं, दोन डिश. नेहमी एक संपवून दुसरी काढायचा, त्या दिवशी दोन्ही काढल्या. घाई असेल, भीती असेल. बायकोचं शेवटचं पोर हातात धरलेल्या माणसाला आपण काय बोलणार! मोठ्या सिस्टर त्याच्या मागं उभ्या होत्या. तेवढ्यात हॉलमधून कुणीतरी ओरडलं, शिंपीणबाईला चक्कर आली म्हणून. सिस्टर "आलेच हं" म्हणून धावल्या. वरच्या पंख्याची घरघर आणि नजर मायक्रोस्कोपमध्ये, नवऱ्याला ते ऐकूच गेलं नाही.

त्यानं पहिलं नाव वाचलं.

"हो," असं आलं.

त्यानं दुसरं नाव वाचलं.

"हो."

हात चालले. गर्भ डिशमध्ये गेले, डिश इन्क्युबेटरमध्ये गेल्या, रिकाम्या नळ्या कचऱ्याच्या डब्यात. बाहेर स्टुलावर ताई मोबाईलवर सासूबाईंचा मेसेज वाचत होती. त्यांनी विचारलं होतं, रात्री खिचडी टाकू का. त्याच्यापुढं दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं.

दुपारी दोघींची ट्रान्सफर झाली, म्हणजे गर्भ आत सोडले. तेव्हा सगळं नियमानं, अगदी डोळ्यांत तेल घालून. डिशवरचं नाव, हातातल्या पट्टीवरचं नाव, सिस्टरचं खणखणीत हो. शेवटी पद्धतीप्रमाणे दोघींना आपापल्या गर्भाचा फोटो दिला. पेशंटना फार आवडतो तो फोटो. ताईनं टेबलावर पडल्या पडल्या तो धरला आणि पाहिला. छान होता. गोल, भरलेला, चारी बाजूंनी नितळ.

खळी नव्हती.

गोठवलेलं वितळलं की रूप जरा बदलतं, आक्रसतं, पुन्हा फुगतं. हे तिनं शेकडो बायकांना सांगितलं होतं, आता स्वतःला सांगितलं. आत्तापर्यंत सगळ्यांनी ते मान्य केलं होतं, तिनंही केलं.

रक्ताचे रिपोर्ट दोघींचे एकाच दिवशी आले. ताईला दिवस गेले होते. शिंपीणबाईला नाही. शिंपीणबाई हॉलमध्ये रडली नाही, खाली मान घालून पिशवीतला फोटो काढून बघत राहिली, मग नवऱ्याच्या मागोमाग जिना उतरून गेली. ताईनं ते वरून पाहिलं आणि तिला मनापासून वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोला, आनंदापुढं ते वाईट वाटणं फार वेळ टिकलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांची चॉकलेटं खाल्ली होती, आता आपली वाटायची होती. नवऱ्यानं मोठा डबा आणला. मॅडमनी मिठी मारली. मोठ्या सिस्टरनी दोन चॉकलेटं उचलली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "माझं कसलं कौतुक करता! सकाळच्या वेळेला तर मी शिंपीणबाईच्या बीपीत अडकले होते. परत येते तर तुम्ही दोघांनी उरकूनसुद्धा टाकलं होतं. जोडगोळीला तिसरं माणूस लागतंय कशाला?"

सगळे हसले. नवरा हसला आणि हसता हसता थांबला. त्यानं ताईकडे पाहिलं. ताईच्या हातातलं चॉकलेट अर्धवट सोललेलं होतं आणि तिच्या कानात तिचाच आवाज आला. पंख्याच्या घरघरीतून, खिडकीतून आत जाणारा. एकदा, मग परत एकदा.

घरी स्वयंपाकघरात त्यानं विषय काढला. सासूबाई बाहेर फोनवर कुणाला तरी बातमी सांगत होत्या.

"त्या सकाळी हो कोण म्हणालं?"

"सिस्टर म्हणाल्या असतील."

"सिस्टर नव्हत्या. ऐकलंस ना तू. मला वाटलं मागं त्याच आहेत. आवाज तुझा होता का?"

ताई कणीक मळत होती. कणीक केव्हाच मळून झाली होती.

"तू उठून आत बघितलं असशील," नवरा म्हणाला. "खिडकीतून. डिशवरची नावं. बघितल्याशिवाय तू म्हणणार नाहीस. लॅबमध्ये तरी नाही."

"आता कशाला तो विषय? पोळ्या टाकू का?"

त्यानं परातीतल्या मळून झालेल्या कणकेकडे पाहिलं. आपल्या बायकोला तो कालपासूनच ओळखत होता असं नाही. मग मान हलवून म्हणाला, "म्हणजे बघितलं होतंस." आणि पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर गेला. त्यानंतर त्यानं तो विषय परत कधी काढला नाही. फक्त लॅबमध्ये नाव वाचताना त्याचा आवाज वाढला, आणि हो आल्यावरही तो मागं वळून बघायला लागला.

ताई पोटानं वाढत गेली आणि मनानं आकसत गेली. लॅबमध्ये आता एकेक डिश ती पुन्हा पुन्हा बघायची. नव्या मुली गमतीनं म्हणायच्या, ताई, नाव पुसून जाईल हो बघून बघून. सासूबाईंनी तो नितळ फोटो फ्रिजच्या दारावर लावला होता आणि कुणीही आलं की त्याला तिथं नेऊन उभं करायच्या. "नाक कुणाचं वाटतं?" असं त्या मुद्दाम विचारायच्या आणि स्वतःच खिदळायच्या. ताई फ्रिज उघडताना दुसरीकडे बघायची. दूध काढताना, औषध काढताना. घरच्या फ्रिजला बाईनं घाबरावं, असं झालं होतं तिचं.

खरं कळायला अवघड नव्हतं. तिच्या रक्ताची एक बाटली, कारण आईच्या रक्तात बाळाच्याही खुणा उतरतात, नवऱ्याच्या रक्ताची एक, आणि ओळखीच्या लॅबला एक फोन. नंबर तिला पाठ होता. पण ती फोन हातात घ्यायची आणि तेवढ्यात पोटात काहीतरी हलायचं, मासा वळावा तसं. ती फोन ठेवून द्यायची. माझंच आहे, ती मनात म्हणायची. मग म्हणायची, कुणाचंही असो, आता माझंच आहे. या दोन्हींतला फरक तिला कळत होता, म्हणून तर तिला झोप नव्हती. बाळ नुसतं तिच्या पोटात होतं. कुणी येऊन मागितलं तर द्यावं लागेल, या एका भीतीनं ती आतून पोखरली जात होती.

आणि येणारी आली. सासूबाईंनीच बोलावून आणली.

"अगं, तुझे गाऊन आता पोटावर चढत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "मी त्या शिंपीणबाईला सांगितलंय. तुमच्या सेंटरमध्येच ओळख झाली होती ना, फार गुणी बाई. म्हणाली, लॅबवाल्या ताईंचे कपडे मी शिवणार नाही तर कोण शिवणार?"

नको म्हणायला ताईनं तोंड उघडलं तोवर दारावरची बेल वाजली होती.

शिंपीणबाई वाळली होती. पण हसली मोकळेपणानं, चपला काढून आत आली, गळ्यातली टेप काढत म्हणाली, "वा ताई! छान दिसताय. उभ्या राहा बघू सरळ." सासूबाई चहा टाकायला आत गेल्या. खोलीत दोघीच उरल्या. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं आणि रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायची खटपट करत होतं. शिंपीणबाईनं खांदे मोजले, छाती मोजली, मग गुडघ्यावर बसून पोटाभोवती टेप फिरवली. तिचे हात गरम होते. टेपचं टोक जुळवताना तिचा तळवा पोटावर टेकला आणि आतून एक जोराची लाथ बसली.

दोघीही दचकल्या.

"अगबाई!" शिंपीणबाईनं हात काढला नाही. उलट दुसराही हात आणला आणि अगदी हलक्यानं ठेवला. "माझ्याशी बोलतंय हो ताई हे."

परत लाथ बसली. तिच्याच तळव्याखाली. गेले कित्येक दिवस बाळ सुस्त होतं, नवऱ्यानं हात लावला तर एकदम गप्प व्हायचं. आता वळवळत होतं. हात काढा, असं ताईला ओरडावंसं वाटत होतं, आणि तिच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बसा ना. चहा येतोय."

शिंपीणबाई उठली नाही. खाली बसल्या बसल्याच तिनं आपली पिशवी ओढली आणि टेप, खडू, कात्रीच्या खालून प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक फोटो काढला. कडा मऊ झाल्या होत्या. "हसू नका हं," ती म्हणाली. "हा मी जवळ ठेवलाय. आमच्या घरात याचा एवढाच काय तो मुक्काम झाला. मालक म्हणतात टाकून दे, पण नाही टाकवत. तुम्हाला एक विचारायचं होतं. तुम्ही या कामातल्या, तुम्हाला कळेल."

तिनं फोटो ताईच्या हातात दिला.

गोल, भरलेला. आणि एका बाजूला जरासा आत गेलेला.

"इथं बघा," शिंपीणबाई फोटोवर बोट ठेवून म्हणाली. "कात्री लागल्यासारखं झालंय ना थोडं? मी रोज बघते. कापडाला असा कट लागला की ते तिथूनच फाटत जातं. यामुळे गेलं का माझं?"

खळी. तिची खळी. ती या परक्या बाईच्या पोटात गेली होती, तिथंच संपली होती, आणि तिच्यासाठी कुणी रडलंच असेल तर ही एकटीच रडली होती. ताईनं तर आपल्या लेकराचं साधं सुतकसुद्धा मनात धरलं नव्हतं. आणि हिचं लेकरू हिच्याच तळव्याला लाथा मारत होतं. आता बोललं तर शिंपीणबाई इथून एकटी जाणार नव्हती. आज नाही तर बाळंतपणानंतर, कुणीतरी कागद घेऊन येईल, मॅडम मान खाली घालतील, आणि पाळणा रिकामा होईल. नवऱ्याचा तो वळून बघणारा चेहरा तिला दिसला. आतून सासूबाईंच्या कपबश्यांचा आवाज येत होता.

"नाही," ताई म्हणाली. आवाज कोरडा आला. "यानं काही होत नाही. तो चांगलाच होता. फार चांगला होता."

"खरंच?" शिंपीणबाईच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "बरं वाटलं ऐकून. उगाच त्याच्यात खोट काढत होते मी." तिनं फोटो घेतला, पदरानं नाही, हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसले. मग फोटो पाकिटात घालता घालता, दोरा तोडावा तशा सहज आवाजात तिनं विचारलं, "म्हणजे खोट माझ्यातच. पोर चांगलं होतं, माझ्या अंगानंच धरलं नाही. मालक तेच म्हणतात, घरचे तेच म्हणतात. तुम्ही एकदा सांगा ताई, म्हणजे मी परत कुणाला विचारणार नाही, कुठं जाणारही नाही. असंच आहे ना?"

टेप अजून ताईच्या पोटाभोवती होती. आत बाळ थांबलं होतं, ऐकत असल्यासारखं. ताईनं शिंपीणबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर उचललेली हनुवटी, लाल झालेले डोळे, उत्तराची वाट बघणारे अर्धवट उघडे ओठ. सगळं नीट, सावकाश, एकेक करून पाहिलं. कुठलीही घाई केली नाही.

"हो," ताई म्हणाली.